लायनाच्या उजव्या पायावरचा आरोप

लायना हुत्तुनेननं दुरुस्तीसाठी पुरुषांवर कधी भरवसा ठेवला नाही. नाचासाठी पुरुष लागायचा, तिथे तिचा नाइलाज होता. नवरा उर्हो माणूस गोड, पण हातात हातोडी दिली की आधी स्वतःचा अंगठा ठेचायचा आणि मग खिळा वाकवायचा. त्यामुळे दूध काढायचं यंत्र, सौना नावाच्या वाफेच्या न्हाणीची चिमणी, ट्रॅक्टर, गाडी, सगळं लायनाच स्वतःच्या पान्या-पकडींनी उघडायची आणि बहुतेक वेळा परत जोडायचीसुद्धा. एखाददुसरा स्क्रू उरायचा. "कारखानेवाले भित्रे असतात, जास्तीचे घालून ठेवतात," असं म्हणून ती तो डब्यात टाकायची.

पुढे गाई विकल्या, उर्हो गेला, मुलगा इल्पो कुओपिओ शहरात एका शाळेत स्वयंपाकी झाला. लायना ऐंशीला टेकली, पण शनिवारचा नाच काही सुटला नाही. तळ्याकाठच्या नाचाच्या मांडवापर्यंत बस जात नाही. बस या गावाला केव्हाच विसरली आहे. म्हणजे एक तर जुनी लाल गाडी, नाही तर खिडकीत बसून शेजाऱ्याचं कुत्रं काय करतंय ते बघायचं. चर्चही त्याच रस्त्यावर होतं, पण उर्होच्या अंत्यविधीनंतर तिनं तिकडे गाडी वळवली नव्हती. तिथली कॉफी पाणचट असते म्हणायची.

मे महिन्यात मातृदिनाला इल्पो बसनं तालुक्याला आणि तिथून कुणाच्या तरी गाडीतून केक सांभाळत आला. क्रीम राहिलं म्हणून आईची गाडी घेऊन दुकानात गेला आणि पांढराफटक होऊन परतला.

"आई, ब्रेक मारला की गाडी डावीकडे पळते! पाद्रीबुवांची टपालपेटी थोडक्यात वाचली."

"अरेरे. वाचली का?"

"हसू नकोस. उजव्या चाकाशी करकर वाजतंय, जळका वास येतोय. तू ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवतेस. म्हातारी माणसं तसंच करतात, त्यांना कळतही नाही."

"म्हातारी कोण?"

इल्पोनं किल्ली खिशात टाकली. हा मुलगा मुळात भित्रा. लहानपणी कोंबड्यांनासुद्धा वाट द्यायचा. पण आज तो ढिम्म हलेना. शेवटी सौदा ठरला. गावच्या मेकॅनिकला, तैस्तोला गाडी दाखवायची. दोष गाडीचा निघाला तर किल्ली लायनाची, पायाचा निघाला तर किल्ली कुओपिओला जाणार.

लायनानं वरवर खूप आरडाओरडा केला, पण आतून ती हादरली होती. गेल्या हिवाळ्यात तिचा उजवा पाय अधूनमधून बधिर व्हायचा. एकदा तर कुठल्या पेडलवर आहे हे बघायला तिला वाकावं लागलं होतं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही फारसं नाही. इल्पो गाडी मुंगीच्या पावलानं हाकत होता आणि ती शेजारी बसून आपल्या पायाकडे असं बघत होती, जसं एखाद्या चोराकडे बघावं.

तैस्तो सगळ्या गावाच्या गाड्या आपल्या कोठारात दुरुस्त करायचा. नाचात तो लायनाच्या बोटांवर पाय द्यायचा आणि वर दोष बँडला द्यायचा. त्यानं आधी कॉफी ठेवली, कारण कॉफीआधी गाडीला हात लावायची इकडे पद्धत नाही. दोन कप होईपर्यंत ब्रेकचा ब्र कुणी काढला नाही. मग त्यानं गाडी जॅकवर चढवली, पुढची दोन्ही चाकं काढली आणि चारही पॅड मेजावर कपांशेजारी मांडले.

"या बघा डावीकडच्या दोघी बहिणी," तो म्हणाला. "सारख्या झिजल्यात, जाडजूड आहेत. आणि ही उजवीकडची जोडी. बाहेरचा पॅड नवा कोरा. आतला पार लोखंडापर्यंत संपलाय, डिस्क ओरबाडतोय."

"म्हणजे पाय?" इल्पोनं विचारलं.

"पाय एकच, पेडल एक. तो रात्रंदिवस ब्रेकवर ठेवला असता तर चारही पॅड संपले असते. एकाच चाकाचा एकच पॅड खायचा, एवढी अक्कल कुठल्या पायाला असते रे? निदान हिच्या पायाला नाही, मी तिच्याबरोबर नाचलोय."

लायनाच्या छातीवरचा धोंडा उतरला. तिला रडू येईल असं वाटलं, म्हणून तिनं घाईघाईनं कॉफीबरोबरचा केक तोंडात कोंबला. "बघ!" ती भरल्या तोंडानं इल्पोवर खेकसली. "आण ती किल्ली."

तिथेच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण तैस्तोची मान पुन्हा चाकात गेली.

"थांबा, असं का झालं ते तर बघू. हा चिमटा दोन पिनांवर सरकतो, म्हणून डिस्कला दोन्हीकडून सारखं धरतो. पिन अडकली की आतला एकटाच पॅड राबतो, बाहेरचा मजा बघतो."

पिन. लायनानं केकची बशी बाजूला सारली.

"पुरे आता, तैस्तो," ती म्हणाली. "तुझी कॉफी गार होतेय."

"माझा कप रिकामा आहे." तैस्तोनं पिन पकडीत धरून ओढली, शिव्या घातल्या, हातोडीनं ठोकली. शेवटी ती उपसून आली. तिच्यावरचं रबर पावासारखं टम्म फुगलं होतं. तैस्तोनं ती नाकाशी नेली आणि त्याच्या चेहऱ्यावर बालपण पसरलं.

"हा तर गोठ्याचा वास!"

गाईंच्या आचळांना लावायचं मलम. इथे प्रत्येक घरात त्याचा डबा असतो आणि गाई जाऊनही लोक ते हाताच्या भेगांना, बुटांना, दाराच्या बिजागऱ्यांना फासत असतात. आतापर्यंत ब्रेकला कुणी फासलं नव्हतं.

"रबराला हे चालत नाही, ते फुगून बसतं," तैस्तो म्हणाला. "डावीकडे मात्र खरं ब्रेकचं ग्रीस आहे. हे ब्रेक केले कुणी?"

इल्पो आईकडे बघू लागला. लायना छताकडे.

"उर्होनं," ती म्हणाली.

"आई! बाबांना जाऊन किती वर्षं झाली?"

"मग काय करायचं होतं?" ती उसळली. "हिवाळी टायर चढवताना म्हटलं, पॅडही बदलून टाकू. ग्रीसची पुडी डाव्या चाकालाच संपली. दुकान बंद. त्या मलमानं माझ्या गाईंना कधी काही झालं नाही!"

"गाईंना ब्रेक नव्हते, लायना," तैस्तो शांतपणे म्हणाला.

इल्पो आधी हसला, मग त्याचा चेहरा उतरला. किल्ली त्याच्या तळहातावर तशीच होती. "आता मी काय करू? गाडीचाही दोष नाही आणि पायाचाही नाही."

"सोपं आहे," तैस्तो हात पुसत म्हणाला. "किल्ली तिची तिला दे. आणि घरी जाऊन तिचे पाने उचलून ने."

लायनानं त्याच्याकडे असं बघितलं की दुसरा कुणी असता तर कोठार सोडून पळाला असता. पाने? ट्रॅक्टर, यंत्रं, सगळा संसार तिनं त्या पान्यांवर चालवला होता. पाय म्हातारा निघाला असता तर तिला रडता आलं असतं. हात चुकला म्हटल्यावर काय करायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

मग तिनं हात पुढे केला आणि किल्ली घेतली.

तैस्तोनं उजवीकडे नव्या पिना बसवल्या, दोन्हीकडे नवे पॅड आणि नव्या डिस्क घातल्या. परतताना गाडी लायनानं चालवली. पाद्रीबुवांच्या टपालपेटीजवळ तिनं मुद्दाम जोरात ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी थांबली. ना डावीकडे गेली, ना करकरली. एवढ्या वर्षांत ती तिच्या हातून इतकी सरळ कधीच थांबली नव्हती.

"बघ, किती छान थांबली," इल्पो भीत भीत म्हणाला.

"तेच तर," लायना म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "पाने शेडमध्ये आहेत. मी घरात गेल्यावर उचल."