ईराला कुणी पाडलं नाही: सिंगापूरमधले चार दिवस

दादाने मला सिंगापूरला बोलावलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी त्याच्यावर तोंडसुख घ्यायला लागले की कुणी मला पाहुणचाराची आठवण करून द्यायला नको. बोलावलं होतं ईराने. ईरा माझी भाची, दादाची एकुलती एक मुलगी, तेव्हा बारा वर्षांची. २०१६ च्या एप्रिलमध्ये तिने व्हिडिओ कॉल केला आणि सरळ हुकूम सोडला, "आत्या, जूनमध्ये माझा बतिझादो आहे. यू मस्ट कम."

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी सांगते. ईरा तीन वर्षं कापोएरा शिकत होती. आफ्रिकेतून धरून ब्राझीलच्या उसाच्या मळ्यांत आणलेल्या गुलामांची ही विद्या. मालकाला नाच वाटावा आणि वेळ आली की लढता यावं, अशी त्यांनी ती जपली असं सांगतात. बतिझादो म्हणजे त्यातलं बारसं. सगळे गोल करून उभे राहतात, त्या गोलाला रोदा म्हणतात. मोठे गुरू नवशिक्याला आत बोलावतात, त्याच्याशी खेळतात आणि शेवटी त्याच्या पायात पाय घालून त्याला अलगद खाली पाडतात. पडलं की टाळ्या, कमरेला पहिली दोरी आणि गुरूंनी ठेवलेलं नवीन नाव. न पडता बारसं होत नाही. ईराने मला हे तीनदा समजावलं, कारण तिच्या मते मोठ्या माणसांना पटकन कळत नाही.

मला मात्र पहिल्याच वेळी कळलं होतं. मी सांगलीत एका शाळेत खो-खो शिकवते. खांबाजवळ सूर मारताना गुडघे फोडून घेणाऱ्या मुली मी वीस वर्षं पाहते आहे. सुट्टी जूनच्या मध्यापर्यंत होतीच. एजंटाकडून व्हिसा काढला, मुंबईहून विमान पकडलं आणि शुक्रवारी सकाळी चांगी विमानतळावर उतरले.

तुम्ही जाणार असाल तर टॅक्सीच्या रांगेत उभे राहू नका. विमानतळावरूनच एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, मिळते. तानाह मेराहला गाडी बदला, सिटी हॉलला पुन्हा बदला आणि मग उत्तरेकडे बसून राहा. वुडलँड्सला पोचायला दीड तास लागतो, आणि डब्यात इतका गारठा असतो की शाल हाताशी ठेवा. दादाचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर आहे. स्वयंपाकघरातून मलेशियातल्या जोहोरच्या पुलाकडे लागलेली मोटारसायकलींची रांग दिसते. वहिनीने पोहे केले होते. दादा ऑफिसला गेला होता. बँकेत तो मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीची त्याला ईमेल लागते.

त्या संध्याकाळी ईराने मला इमारतीखाली नेलं. तिथल्या इमारतींचा तळमजला मोकळाच ठेवतात, खांब आणि बाकं, बस्स. फुटबॉल खेळू नये अशी पाटी लावली होती. कापोएराचं नाव पाटीवर नव्हतं, म्हणून आम्ही खेळलो. तिने मला डुलत डुलत मागेपुढे होणारं मूळ पाऊल दाखवलं, हातांवर गिरकी घेऊन दाखवली, आणि मग पडून दाखवलं. एक हात मागे, नितंब जमिनीला, हनुवटी छातीशी. "पडायची पण पद्धत असते, आत्या," ती म्हणाली. मी तिला तळहात उघडा ठेवायला सांगितलं, तिने ऐकलं. मग पंचवीस वेळा पडली. मेस्त्रे, म्हणजे ब्राझीलहून खास येणारे म्हातारे गुरू, तिला काय नाव देतील याचे अंदाज तिने वहीत लिहून ठेवले होते. मासा, मिरची, विजेची तार. मला ती इतक्या वर्षांत इतकी खूश कधी दिसली नव्हती.

शनिवारी सकाळी दादा मला खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, नाश्त्याला घेऊन गेला. काया टोस्ट नक्की खा. नारळ आणि अंड्याचा गोड थर, आत लोण्याची जाड चकती. कॉफी मागताना "कोपी ओ कोसोंग" म्हणा, नाहीतर साखर आणि दूध दोन्ही ओतून देतात. मी टोस्टचा दुसरा घास घेत होते, तेव्हा दादा म्हणाला, "ते पाडापाडीचं मी सेटल केलंय."

"म्हणजे?"

"तिच्या कापोएराच्या टीचर मेइला ईमेल केली. यंदा पीएसएलई आहे. मनगट मुरगळलं तर लिहिणार कशाने? म्हटलं, ईराला खाली पाडू नका, बाकी सगळं करा. लगेच उत्तर आलं. फार प्रोफेशनल लोक आहेत."

पीएसएलई म्हणजे तिथली सहावीची परीक्षा. ती सप्टेंबर-ऑक्टोबरात असते. हा जून चालू होता. मी टोस्ट खाली ठेवला आणि म्हणाले, "दादा, पाडलं नाही तर बारसंच होत नाही. ईराला सांगितलंस?"

"तिला कशाला सांगायचं? गोंधळ घालेल. दोरी मिळेल ना, झालं. आणि मंजू, प्लीज, आज तू काही बोलू नकोस."

आणि मी बोलले नाही. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहिते आहे. त्याच्या घरी उतरले होते, वहिनी दोन दिवस राबत होती, समारंभाचा दिवस होता, अशी सगळी कारणं मी कोपीबरोबर गिळली. ईरा वर पांढरे कपडे इस्त्री करत होती. समारंभाला चार तास होते. मी तिला सांगू शकले असते.

समारंभ एका कम्युनिटी क्लबच्या हॉलमध्ये होता. अनवाणी, पांढऱ्या कपड्यांतली साठेक माणसं, तितकेच पालक, आणि तितकेच फोन वर धरलेले. समोर तीन बिरिंबाउ वाजत होती. हे वाद्य म्हणजे धनुष्यासारखी काठी, एक तार आणि खाली भोपळा. खेळ किती वेगात चालायचा हे तेच ठरवतं. शेजारी उंच ढोल. एकाने गाणं उचललं की सगळा गोल मागून म्हणायचा. पहिल्या पाच मिनिटांत माझ्या अंगावर काटा आला. पायात पाय जाणार असं वाटायचं आणि जायचाच नाही, आणि जायचा तेव्हा हसतच जायचा.

मुलं एकेक करून आत गेली. मेस्त्रे साठीच्या पुढचे, बारीक अंगाचे, पण पाय इतका हलका की कधी आला ते कळायचं नाही. एक चिनी मुलगा धपकन पडला, सगळे ओरडले, त्याचं नाव ठेवलं 'बेडूक'. एक चाळिशीची बाई पडली आणि पडल्या पडल्या रडली, तिचं नाव 'रविवार'. टीचर मेइ प्रत्येक नावाचा अर्थ इंग्रजीत सांगत होती. पडलेला माणूस उठला की मेस्त्रे त्याला मिठी मारत.

मग ईरा गेली. फार छान खेळली. मी बाहेरची आहे, पण शरीर कुठे खोटं बोलतं ते मला दिसतं, आणि तिचं कुठेच बोलत नव्हतं. ती मुद्दाम एक पाय पुढे ठेवत होती, इथे घाला म्हणून. मेस्त्रेंनी तो पाय तीन वेळा सोडून दिला. चौथ्या वेळी ईराने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. बिरिंबाउ थांबलं. मेस्त्रेंनी हात मिळवला, टीचर मेइने हिरवी दोरी पुढे केली, आणि मेस्त्रे नुसतं "ईरा" म्हणाले. टाळ्या वाजल्या, पण गोलातल्या लोकांना कळलं होतं, त्यांच्या टाळ्या पातळ होत्या. दादाची टाळी मात्र सगळ्यात मोठी. त्याच्या फोनमध्ये सगळं व्यवस्थित आलं होतं.

त्या क्षणी मला दादाच्या हातातला तो फोन घेऊन आपटावासा वाटला. टीचर मेइचाही राग आला. एका ईमेलवर मान डोलावणारी ही कसली गुरू? तिच्याशी बोलले तर म्हणाली, परीक्षेच्या वर्षी पालक मुलांना क्लासमधूनच काढून घेतात. ईरा निदान टिकली, म्हणून तिने हो म्हटलं. कारण खोटं नव्हतं, त्यामुळे राग आणखीच वाढला.

घरी जाताना ईरा दोरी पिशवीत घालून खिडकीबाहेर बघत बसली. वहिनीने श्रीखंड केलं होतं. तिने खाल्लं नाही.

रविवारी कापोएराचा सगळा गट पुलाउ उबीन नावाच्या बेटावर जाणार होता. दादाला काम होतं, म्हणून ईराबरोबर मी गेले. तानाह मेराहहून दोन नंबरची बस थेट चांगी व्हिलेजपर्यंत जाते. तिथल्या धक्क्यावर तिकीट नाही, वेळापत्रक नाही. बारा माणसं जमली की लाकडी होडी सुटते, माणशी तीन डॉलर, सुटे हवेत. पंधरा मिनिटांत उबीन. जुनी पत्र्याच्या छपराची घरं, भाड्याच्या सायकली, शहाळी. सायकल घेताना ब्रेक दाबून बघा, माझ्या पहिल्या सायकलला तो नावापुरताच होता. सिंगापूरमध्ये मला मनापासून आवडलेली ही एकमेव जागा, आणि मी तिथे पूर्ण वेळ कपाळाला आठ्या घालून हिंडले.

दुपारी झाडाखाली त्यांनी रोदा मांडली. सगळे चिखलाचे, घामेजलेले, हॉलपेक्षा किती तरी मोकळे. ईरा न बोलावता उठली, दोघांच्या मध्ये हात घालून तिने जागा घेतली आणि मेस्त्रेंसमोर उभी राहिली. तसा रिवाज आहे, कुणीही मध्ये शिरून खेळ मागू शकतो. ती अक्षरशः त्यांच्या पायांवर चालून जात होती. मेस्त्रे मागे सरकत राहिले. शेवटी ती थांबली आणि इंग्रजीत म्हणाली, "का नाही?"

मेस्त्रेंचं इंग्रजी मोडकं होतं, पण अर्थ स्वच्छ होता. तुझ्या बाबांना शब्द दिलाय. मेइने दिला म्हणजे मी दिला.

ईराने पिशवीतून हिरवी दोरी आणली आणि त्यांच्या हातात ठेवली. "मग ही माझी नाही." मेस्त्रेंनी ती दोन्ही हातांनी घेतली, समजूत घातली नाही, लाडीगोडी केली नाही. घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, पुढच्या वर्षी आणतो. मला त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं.

परतीच्या होडीत ईरा माझ्याशेजारी बसली. इंजिनाचा आवाज मोठा होता, तरी ती हळूच बोलली.

"तुला माहीत होतं, इज इट?"

"हो."

"कधीपासून?"

"काल सकाळी. बाबाने सांगितलं."

"मी इस्त्री करत होते तेव्हा?"

मी मान डोलावली. ती उठून होडीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

सोमवारी संध्याकाळी माझं विमान होतं. त्याआधी मी दादाशी जशी भांडले, तसे आम्ही शाळेत असतानाही भांडलो नसू. मी म्हणाले, तू तिचं बारसं मोडलंस. मी म्हणाले, तुला ईमेलशिवाय माणूस कळत नाही. आणखीही बरंच, जे इथे लिहिण्यासारखं नाही. मग तो म्हणाला, "मी इथे दहा वर्षं नोकरीच्या पासवर काढली, मंजू. नोकरी गेली की महिनाभरात सामान बांधायचं. रोज सकाळी एवढंच बघायचो, की आज पाय घसरायला नको. मला दुसरं काही येत नाही." मला त्याची कणव आली, आणि कणव आली म्हणून आणखी राग आला. वहिनी स्वयंपाकघरात भांडी आपटत होती, कुणावर ते कळलं नाही. ईरा खोलीतून बाहेर आली नाही. मी दाराबाहेरून "येते गं" म्हणाले.

सांगलीला आल्यावर मी ही गोष्ट प्रत्येकाला सांगितली. शाळेतल्या बाईंना, शेजाऱ्यांना, माझ्या खेळाडू मुलींना. प्रत्येक वेळी दादा थोडा आणखी दुष्ट व्हायचा. त्याला फोनवरही सुनवायची. वर्षभर हे चाललं. ईरा फोनवर यायची, "हाय आत्या, बाय आत्या" एवढंच.

यंदाच्या मे महिन्यात तिने स्वतःहून फोन केला. मेस्त्रे पुन्हा येणार आहेत. मी लगेच म्हणाले, तारीख सांग, तिकीट काढते, बाबाने पुन्हा काही केलं तर यावेळी मी आहे.

"नको येऊ, आत्या."

"का गं?"

"बाबा येतोय. त्याने मेइला लिहिलंय, पाडा म्हणून. ही सेड सॉरी, लास्ट इयर ओन्ली. रडला पण." मग ती म्हणाली, "तू कधी सॉरी नाही म्हणालीस. तू फक्त बाबाला ओरडत राहिलीस."

मी सॉरी म्हणाले. नीट म्हणाले, कारणं न देता, आणि त्या सकाळचे चार तास माझे होते हेही म्हणाले. ती ऐकत होती, मागे टीव्ही चालू होता.

"ओके," ती म्हणाली. "पण या वर्षी नको येऊ."

मी गेले नाही.