मामाचा साक्षीचा तुकडा

माझा मामा लोकांच्या रानात फवारणी करतो. पाठीला पंप, तोंडाला फडकं, पायात गुडघ्यापर्यंत बूट. त्याला नावानं कोणी हाक मारत नाही, सगळ्यांचा तो पंपमामा. मी नववीत शाळा सोडली तेव्हा आईनं कपाळाला हात लावला. मामा एवढंच म्हणाला की दुसरा पंप रिकामाच पडलाय. तेव्हापासून त्याच्या मागच्या ओळीत मी चालते.

मामाची एक खोड होती. कुठल्याही रानात तणनाशक मारलं की बांधाच्या कडेला खाटेएवढा तुकडा तो कोरडा सोडायचा. त्याला म्हणायचा साक्ष. आठवड्यानं मालक बघायला आला की बाकीचं तण पिवळं पडलेलं आणि तेवढा तुकडा हिरवागार. म्हणजे औषधच मारलंय, नुसतं पाणी नाही. मग खुरपं घेऊन तो तुकडाही स्वतः साफ करून द्यायचा. त्याच्याकडे कोणी साक्ष मागितली नव्हती. पण तोच त्याचा मान होता.

यंदा चष्मेवाल्या मालकाच्या मक्यात आम्ही औषध मारलं. आठवड्यानं गेलो तर साक्ष कुठली आणि रान कुठलं, कळेना. लाल देठाचं तण सगळीकडे सारखंच तरारलेलं. खालची पानं जराशी करपलेली, वरून नवी फुटलेली.

मालकानं चष्मा पुसला, परत बघितलं. मग म्हणाला, “औषध विकून खाल्लंस आणि पाणी मारलंस.”

मी त्याला तिथंच फाडून खाल्लं असतं. मामानं माझ्या पंपाचा पट्टा धरून मागे ओढलं. संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर तेच, पंपमामा पाणी मारतो. ज्यांची रानं आम्ही दरवर्षी साफ ठेवली तेही माना डोलवत होते. दोघांनी तर ठरलेलं काम मोडलं.

मामा औषधाच्या दुकानात गेला. दुकानदार म्हणाला, हे तण औषध कोळून प्यायलंय. दरवर्षी तेच औषध, मरायचं ते मेलं, तगलं त्याचंच बी पडत गेलं. मी विचारलं, मग विकता कशाला? म्हणे, लोक मागतात. धन्य.

तिथून मामा सरळ मालकाच्या दारात. कॅन तुम्ही आणा, सील तुम्ही फोडा, पंपात तुम्हीच ओता, मी फुकट मारतो. “तण मेलं तर मी चोर. नाही मेलं तर टपरीवर येऊन सगळ्यांसमोर सांगायचं.”

मालक उन्हात छत्री धरून बांधावर उभा राहिला आणि आम्ही फवारलं. मी मनात त्या तणाला म्हणत होते, मेल्या, मरू नकोस. ज्याला मारायला रोज जायचं त्यालाच जगायला सांगायचं. डोकं फिरायची पाळी.

नाही मेलं. उलट तणाला तुरे आले.

मालक शब्दाचा निघाला, एवढं मान्य. टपरीवर आला आणि चहा न घेताच म्हणाला, “पाणी नव्हतं. औषधच होतं. तण मरत नाही.”

मला वाटलं, आता सगळे खाली बघतील. कसलं काय! एकानं विचारलं, माझ्या रानातलंही नाही मरणार? दुसरा म्हणाला, मग पंप बोलवायचा कशाला? सगळे मामाकडे असे बघायला लागले जसं काही तण यानंच पेरलंय. आणि मामानं तरी काय केलं होतं? आपल्याच हातानं दाखवून दिलं होतं की आपल्या धंद्यात आता दम नाही.

घरी येऊन मी भांडले. म्हटलं, चोर म्हणाले असते तर पुढच्या हंगामात विसरले असते, हे कोण विसरणार? मामा सुईनं नोजल साफ करत बसला होता. कशासाठी, त्यालाच ठाऊक.

“तुला चोराच्या मागच्या ओळीत चालायला आवडलं असतं?” तो म्हणाला.

पण चिडचिड काही गेली नाही.

सकाळी चष्मेवाल्याचा निरोप आला. तुऱ्यांत बी भरायच्या आत तण हातानं काढून द्याल का? मी सांगणार होते, तुझं तू उपट. तेवढ्यात मामानं दोन्ही पंप धुऊन खिळ्याला टांगले आणि मला खुरपी आणायला सांगितलं. घरात एकच होतं, साक्षीच्या तुकड्याचं, पातं झिजलेलं. अख्ख्या रानाला ते काय पुरणार? दुसरं शेजारच्या काकूंकडून मागून आणलं. तेही बोथट.