सावलीतलं पीक

भूम तालुक्यातल्या आमच्या कोरड्या रानात कॉफी लावायची, असं मी बोलले तेव्हा घरात कुणी हसलंसुद्धा नाही. मालक म्हणाले, "डोकं ठिकाणावर आहे का?" आणि जेवायला बसले. बचत गटाच्या बायकांबरोबर चिकमंगळूरला जाऊन आले आणि तिथली झाडाखालची कॉफी डोक्यातून जाईना, एवढंच खरं. मला एकदा एखाद्या गोष्टीचा ध्यास लागला की लागला, मग अन्न गोड लागत नाही. शेवटी सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या मामांनी, विहिरीजवळचा तुकडा बोटानं दाखवला. "रोपं लागल्यापासून तीन साल घे. तिसऱ्या दिवाळीला फळ दिसलं तर तुकडा तुझा. न्हाय तर सोयाबीन." मामा एकदा बोलले की बोलले.

आधी सावली उभी केली. हादगा, शेवगा, मध्ये केळी, कडेनं एरंड. मग त्यांच्या आडोशाला कॉफीची रोपं. बुडाला उसाचं पाचट, वर शेण-गोमूत्राचं जीवामृत. औषधाची बाटली रानात येऊ दिली नाही, किडा दिसला की हातानं वेचायचा. गावातले बांधावरून विचारायचे, "वैनी, जंगल करताय व्हय?" मी म्हणायचे, "व्हय, वाघ पण सोडणार हाय." पण आतून धाकधूक. सकाळी बघून आले तरी दुपारी परत जायची. भाकरी तव्यावर आणि जीव रानात. एखादं पान लवलं की बुडाचं पाचट उलटून ओल बघायची.

तिसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडाला दणकून पाणी दिलं आणि थोड्याच दिवसांत फांद्या पांढऱ्या फुलांनी भरल्या. वास मोगऱ्यासारखा. मामा पहिल्यांदाच त्या तुकड्यात आले, एका फांदीजवळ नाक नेलं आणि वास घेऊन गेले. मला वाटलं, जिंकलं आपण.

चैत्रात येडाईच्या जत्रेला माहेरी, येरमाळ्याला गेले. जायचं मनात नव्हतं, पण आई फोनवर म्हणाली, "देवीपेक्षा झाडं मोठी झाली का गं तुला?" दर्शनाच्या रांगेत उभी राहूनही मी मालकांना फोन लावत होते. पाणी दिलं का? "दिलं गं बाई, दिलं," ते वैतागून म्हणाले. पाणी खरंच दिलं होतं.

परत आले ती एसटीतून उतरून थेट रानात. लांबूनच विहिरीचा कठडा दिसला आणि मी पिशवी टाकून पळत सुटले, कारण झाडांमुळं तो कधी दिसत नसे. हादगा, शेवगा, सगळे छाटून नुसते बुंधे उभे. शेळ्या खाली पाला खात होत्या. मामा हातात कोयता घेऊन घाम पुसत होते. खूश होते.

"आलीस? लई कोंडली होती गं तुझी झाडं. केली मोकळी. आता ऊन मिळंल, फळ भरंल."

मामांचा जन्म ज्वारीत गेला. सावलीतल्या ज्वारीला कणीस धरत नाही, म्हणून बांधावरचं प्रत्येक झाड दरसाल छाटायचं, हे आमच्याकडं लेकरालाही ठाऊक. त्यांनी केलं ते माझ्या फळासाठी केलं. मला ते तिथल्या तिथं कळलं, आणि तरी मी बोलले, "मामा, तुम्ही माझं रान जाळलं." थोरल्या माणसाला असं मी कधी बोलले नव्हते. त्यांनी कोयता खाली ठेवला आणि ते घराकडं निघून गेले.

दोन दिवसांत उन्हानं कॉफीची पानं करपायला लागली. मी जुनी लुगडी, पोती, मालकांचं धोतर, सापडेल ते रोपांवर बांधत सुटले. ते कुठवर पुरणार? मग एका सकाळी मामा बैलगाडी घेऊन आले. गाडीत कडबा होता, पावसाळ्यापर्यंत बैलांसाठी राखलेला. त्यांनी मेढी रोवल्या, मी पेंढ्या वर दिल्या, आणि दिवसभर दोघं मांडव घालत राहिलो. पुढचा सगळा उन्हाळा मामा बांधाबांधानं हिंडून बैलांना मिळेल ते आणून घालत होते. त्या दिवसापासूनचा आमचा अबोला तसाच होता. मी ताट वाढायची, ते जेवायचे.

निम्मी रोपं गेली. जी वाचली त्यांनी धरलेली फळं टाकून दिली. दिवाळी जवळ आली तशी मी रोज पानं उलटून बघत होते, एक तरी असेल. नव्हतं. मामा बोलावून तुकडा सोड म्हणतील, याची वाट बघणं मला सोसेना. पाडव्याला मीच ओसरीवर गेले.

"मामा, फळ न्हाय. तुकडा घ्या मोकळा करून."

ते सुपारी कातरत होते. वर न बघता म्हणाले, "ह्ये साल म्या खाल्लं. ते माझ्याकडं धर. तुझं तिसरं साल अजून यायचंय."

मी तुकडा सोडायच्या तयारीनं गेले होते. तिथंच खांबाला टेकून खाली बसले आणि पोरीसारखी रडले.