पालथी थाळी

जैसलमेरपलीकडच्या, सरहद्दीजवळच्या एका वस्तीवर सकाळी अंगणाबाहेरच्या वाळूत पितळी थाळी पालथी पडलेली दिसली. मी उचलायला वाकले, तर घरमालक, ऐंशी पार केलेले उंटवाले बाबा, ओरडलेच, "बाई, हात लावू नका! खाली हरवलेल्या सांडणीचं पाऊल आहे. वारा पुसून टाकेल."

मग सांगू लागले, "इंग्रजांच्या काळात टोळ्या उंटांवरून येऊन गुरं पळवायच्या. त्यांच्या उंटांच्या पावलांचा माग ज्या गावात शिरेल, त्या गावालाच साहेब चोर ठरवायचा. माग पुढे बाहेर गेलेला दाखवला, तरच सुटका. एकदा असा माग आमच्या गावात आला आणि वादळ सुटलं. बाहेर जाणारं एकच पाऊल शिल्लक राहिलं. माझी आई तेव्हा नवी नवरी. तिनं त्यावर थाळी पालथी घातली आणि साहेब येईपर्यंत दिवसभर वाळू खात तिथेच बसून राहिली. गाव वाचलं."

"हीच थाळी?"

"हीच. हिच्यात आम्ही जेवत नाही," बाबा ताठ मानेनं म्हणाले.

सरहद्द म्हटलं की मला चौक्या आणि बंदुकाच आठवायच्या. आदल्याच दिवशी किल्ल्यात काचेच्या कपाटातल्या तलवारी मी तिकीट काढून पाहिल्या होत्या. ही थाळी मात्र अजून भर उन्हात, वाळूत, आपल्या कामावर होती.