मुळाशी गेलेलं दूध

परतूरजवळ कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटवर एक लेकुरवाळी बाई मजुरीला यायची. आईचं दूध आणि मुलांची बुद्धी यावरच्या अभ्यासासाठी मी तिथल्या बायकांशी बोलत होते. तान्ही लेकरं कामावर आणायला मुकादमाची मनाई होती. दुपारी ती कडुलिंबाआड बसली आणि दाटून आलेलं दूध मुळाशी पिळू लागली. ते कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून.

सवयीनं मी सांगितलं, आईच्या दुधावरची मुलं थोडी हुशार निघतात, असं अभ्यासांत दिसतं.

तिनं पदराला बोटं पुसली. "मंग हा लिंब लई हुशार निघंल, मॅडम. लेकरू घरी पिशवीचं दूध पिऊन राह्यलं."

मुकादमानं हाक मारली, तशी ती संकरित बियाण्यासाठी कपाशीच्या कळ्या सोलायला गेली.

आम्ही आईचं शिक्षण विचारत होतो, घरची मिळकत विचारत होतो. मुकादमाबद्दल एकही प्रश्न नव्हता.