कपाटावरचे बूट

बुटांच्या दुकानात उभी हयात घालवलेला एक सेल्समन गिऱ्हाइकांना एक गोष्ट ठासून सांगायचा, "बूट वापरून नाही, ठेवून खराब होतात. पडून राहिले की सोलचा भुगा होतो." हे शहाणपण मात्र त्याने कधी दुकानाबाहेर आणलं नाही.

संध्याकाळी बायको म्हणायची, "चला हो, कोपऱ्यापर्यंत तरी जाऊन येऊ." दिवसभर वाकून लोकांच्या पायांत बूट चढवलेला हा वैतागायचा. "जीव राहिलाय का पायांत? रिटायर होऊ दे, मग रोज सकाळी लांब फिरायला जाऊ." आपला शब्द खरा वाटावा म्हणून त्याने दोघांसाठी चालायचे भारी बूट आणले आणि कपाटावर ठेवून दिले. ती अधूनमधून खोक्यांवरची धूळ पुसायची. एकदा घालून बघू का म्हणाली, तर हा खेकसला, "मळतील ना!"

रिटायर झाल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी खोकी खाली उतरली. सवयीने तो तिच्यापुढे उकिडवा बसला आणि त्याने तिच्या नाड्या बांधल्या. दोघं मोठ्या ऐटीत निघाली. जिना उतरून फाटकाशी येतात तोच आधी तिचा सोल सुटला, मग त्याचा. मागे पायऱ्यांवर काळा भुगा सांडला होता.

तो ओशाळून म्हणाला, "आजच नवे आणतो."

"तुमचे आणा," फाटकाला धरून गुडघा चोळत ती म्हणाली. "माझे नकोत. एवढ्यातच गुडघा धरला. मी कोपऱ्यापर्यंत चला म्हणायचे ना, तेव्हा अनवाणीसुद्धा आले असते."