ढवळीच्या गळ्यातला जीपीएस

मी वर्गात कमी बोलते. त्यामुळे माझ्याजवळ किस्से साठून राहतात; बोलणाऱ्या मुलींचे मधल्या सुट्टीतच संपतात. गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेत एका छोट्या यंत्राला जीपीएस जोडायचं काम निघालं आणि माझ्या वहीची मागची सगळी पानं भरली!

यंत्र म्हणजे पावलं मोजणारा डबा. तो आम्ही प्रदर्शनासाठी बनवला होता. आम्ही म्हणजे मी, माझी मैत्रीण कोमल आणि विज्ञानाचे धोटे सर.

कोमलचे बाबा, नामदेवकाका, गावचे गायकी. सकाळी घरोघरची ढोरं गोळा करायची, टेकडीमागच्या ई-क्लासवर चारायची आणि संध्याकाळी परत आणायची. ई-क्लास म्हणजे गावच्या ढोरांसाठी राखलेली सरकारी जमीन. तिथे कोणी नांगर घालायचा नाही. पण या वर्षी ढोरं अर्धपोटी येऊ लागली, दूध आटलं. गावातले मोठे शेतकरी गजाननभाऊ चारचौघांत म्हणाले, "नामदेव ढोरं ई-क्लासवर नेतच नाही. नाल्यात झोपून राह्यते. गायकी बदला!"

कोमलचं घर त्याच कामावर चालतं. दुसऱ्या दिवशी ती सरांना म्हणाली, "सर, आपला डबा पावलं मोजते. कुठं गेलो ते नाही सांगत काय?"

"जीपीएस जोडला तर सांगते न!" सर म्हणाले.

* * *

जीपीएस म्हणजे काडेपेटीएवढी हिरवी पट्टी आणि तिच्यावर एक चौकोनी अँटेना. सरांनी चार वायरी जोडल्या आणि लॅपटॉपवर नकाशा उघडला. आम्ही तिघे वाकून पाहतो तर काय, आमची शाळा आफ्रिकेजवळच्या समुद्रात!

पट्टीला उपग्रह सापडला नव्हता, म्हणून अक्षांश-रेखांशाचे दोन्ही आकडे शून्य येत होते. पण तेव्हा ते आम्हाला कुठे माहीत? कोमल ओरडली, "सर, आपली शाळा बुडाली!"

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या शोभाताई दारात उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "मंग आज मीठ टाकू का नको?"

* * *

दोन दिवस शून्यच. सरांनी वायरी तीनदा काढून जोडल्या, पट्टीवर फुंकर मारली, शेवटी तिला रागावलेसुद्धा. तिसऱ्या दिवशी शोभाताईंनी विचारलं, "हे पट्टी आयकते कोणाचं?"

"आभाळातल्या उपग्रहाचं," सर म्हणाले.

"आन तुमी तिले टिनाखाली घेऊन बसले? वर पाहा न सर! आभाळ दिसते काय?"

आम्ही तिघांनी खरंच वर पाहिलं. वर टिन होतं.

पट्टी अंगणात ठेवली. थोड्या वेळानं तिचा दिवा लुकलुकायला लागला. सरांनी शोभाताईंना हात जोडले. त्या म्हणाल्या, "हात नका जोडू, ताटं घ्या. खिचडी थंडी होऊन राह्यली."

* * *

डबा कोणाच्या गळ्यात बांधायचा? नामदेवकाका म्हणाले, "ढवळीच्या. ते पुढं चालते, बाकीचे तिच्या मांगं." ढवळी म्हणजे कळपातली सगळ्यात म्हातारी गाय. ती शिस्तीची आहे असं आम्ही ऐकलं होतं.

पहिल्या संध्याकाळी डबा उघडला. नकाशा कोरा! पावलं मात्र चौदा हजार! कोमल रडकुंडीला आली. "बाबा, तुमी तिले पळवलं काय?"

"नाही व! दुपारभर सावलीत बसून रवंथ करत होती."

सर मटकन खाली बसले. आमचा डबा गाईचं चघळणं पावलं म्हणून मोजत होता! आम्ही तो शाळेतल्या सगळ्यांवर तपासला होता. पण शाळेत रवंथ कोण करतं?

* * *

नकाशा कोरा का, ते मात्र काकांनीच शोधलं. चालताना डबा गळ्याखाली घसरायचा आणि अँटेनाचं तोंड जमिनीकडे व्हायचं. सर म्हणाले, "वजन मोजावं लागेल, तोल काढावा लागेल." ते कागद-पेन्सिल शोधायला गेले.

परत आले तोवर काकांनी पट्ट्याच्या खालच्या बाजूला जड घंटी अडकवली होती आणि वरच्या बाजूला डबा बांधला होता. घंटी खाली ओढते, म्हणून डबा मानेवर राहतो. ढवळी पळाली, वाकली, तिनं मान झटकली. डबा आभाळाकडेच!

सर पेन्सिल खिशात ठेवत म्हणाले, "नामदेवभाऊ, तुमी किती शिकले?"

"चवथी. पण घंटी बांधून तीस वर्षं झाले."

* * *

सात दिवस डबा ढवळीच्या गळ्यात होता. दर दहा सेकंदांनी डब्यातल्या मेमरी कार्डावर एक नोंद. आठव्या दिवशी सर कार्डावरच्या वेळा पाहत होते आणि नेमके तेव्हाच गजाननभाऊ शाळेत आले. ते शाळा समितीवर आहेत. त्यांनी सरांच्या खांद्यावरून वाचलं आणि ते मोठ्यानं हसले.

"पाहटे साडेतीनले ढोरं काढली! दुपारी साडेबाराले घरी! अंधारात लोकायच्या वावरात चारते, दुसरं काय? सर, तुमच्या मशीननंच चोर पकडला!"

त्यांनी तिथूनच सरपंचबाईंना फोन लावला आणि रविवारी ग्रामपंचायतीत सभा ठरली.

कोमलचा चेहरा मला पाहवेना. ती एवढंच म्हणाली, "माह्या बाबाले म्याच फसवलं."

मला रडू आलं, पण त्याआधी एक गोष्ट दिसली. डबा बांधायच्या आदल्या दिवशी आम्ही तो शाळेच्या अंगणात सुरू केला होता. तेव्हा साडेदहाची प्रार्थना चालू होती, आणि कार्डावर पहाटेचे पाच! मला बोलायचा धीर झाला नाही. चिठ्ठीवर लिहून मी ती सरांपुढे सरकवली.

सरांनी वाचलं आणि स्वतःच्या कपाळावर हात मारला. "अबे! उपग्रहाची घडी आपल्या देशाची नसते! साडेपाच तास मांगं राह्यते! मीच शिकवतो हे नववीले!"

* * *

रविवारी सभागृह भरलं होतं. नामदेवकाका धुतलेला सदरा घालून दाराजवळ उभे होते. कोमलनं माझा हात इतका घट्ट धरला की बोटं पांढरी पडली.

सरांनी आधी साडेपाच तासांचं समजावलं. "म्हणजे सकाळी नऊले निघाले, संध्याकाळी सहाले परत." लोकांना ते पटलं, कारण ढोरं रोज त्यांच्याच दारावरून जातात.

गजाननभाऊ उठले. "टाईम जाऊ द्या हो. ई-क्लासवर गेला काय ते दाखवा! मशीन खोटं बोलत नाही म्हणता न?"

सरांनी टीव्हीवर नकाशा उघडला. आधी ई-क्लासची हद्द, मग सात दिवसांचे लाल ठिपके. टेकडीच्या मागची बाजू लाल होत गेली. मागून कोणीतरी म्हणालं, "बाप्पा! रोजच गेला की हा!"

कोमलनं माझा हात सोडला आणि तेवढ्यात सरपंचबाई पुढे झाल्या. त्यांनी टीव्हीवर बोट ठेवलं. सगळीकडे ठिपके आणि हद्दीच्या आत, बरोबर मधोमध, कोरी जागा. चार कोपरे, चार सरळ बाजू.

"नामदेवभाऊ, साऱ्या ई-क्लासवर गेले. मंग इथंच काहून नाही गेले?"

गजाननभाऊ म्हणाले, "अरे, चहा सांगा न कोणी!" कोणी हललं नाही.

नामदेवकाका घाबरले. सरपंचबाई आपल्या कामात कसूर काढताहेत असंच त्यांना वाटलं. ते पुढे आले आणि हात जोडून गजाननभाऊंकडे वळले.

"भाऊ, तुमीच सांगा न यायले! तुमचा हरभरा घाट्यावर आला तिथं. म्या एक तरी ढोर शिरू देल्लं काय त्यात?"